जुन्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते: नवी घेण्याआधी काय तपासायचं आणि मग कोणती घ्यायची

बॅटरी बदलून वर्षही झालेलं नसतं. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर इंजिन कण्हत फिरतं, नाहीतर नुसती टकटक ऐकू येते. जंप दिला की गाडी सुरू होते, आठवडाभर नीट चालते आणि पुन्हा तेच. शेवटी बॅटरी बसली असं ठरतं, नवी येते आणि काही महिन्यांत तीही त्याच वाटेनं जाते.

हे दुसऱ्यांदा घडत असेल तर दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतो. तिला मारणारी गोष्ट गाडीत तशीच राहिलेली असते. म्हणून कोणती घ्यायची हे विचारण्याआधी जुनी कशानं गेली ते शोधा. ते कळलं की निवडही सोपी होते, कारण तुमच्या गाडीत कोणत्या जातीची बॅटरी टिकेल हे गाडीचं चार्जिंग व्होल्टेज, उभ्या गाडीत वाहणारा करंट आणि गाडीचा वापर यांवरच ठरतं. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १३ नंबरचे पाने आणि एक मोकळी सकाळ पुरते.

जुनी बॅटरी खरंच मेली आहे का?

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फसवतो. चार्जिंगचा वरवरचा प्रभाव प्लेटांवर काही तास टिकतो आणि थकलेली बॅटरीही १२.९ दाखवते. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा आणि थोड्या वेळानं मोजा.

रिकामी निघाली म्हणून लगेच निकालात काढू नका. चार्जरवर लावा. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट ठीक असतो, म्हणजे ४५ एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरीला साडेचार अँपिअर. पूर्ण भरल्यावर चार्जर काढा, तारा सोडवून रात्रभर ठेवा आणि मग मोजा. १२.६ धरून राहिली तर ती उपाशी होती, मेलेली नव्हती. साडेदहाच्या आसपास अडकली तर एक सेल गेला आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे, आणि एक शॉर्ट झाला की हिशेब बरोबर तिथेच येतो.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) मीटरपेक्षा जास्त खरं सांगतो. पूर्ण भरलेल्या सेलचं विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८ असतं. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५ नं कमी आला तर ती बॅटरी वाचवण्यात अर्थ नाही.

शेवटची परीक्षा भाराखाली घ्या. कार्बुरेटरची गाडी असेल तर इग्निशन कॉइलची बारीक तार काढा, इंजेक्शनची असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. दुसऱ्या कुणाला काही सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्यात बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर पाहा. सर्वसाधारण तापमानात व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको.

दुकानातल्या हातातल्या टेस्टरवर बॅटरी नापास झाली असेल तर एक गोष्ट विचारा: टेस्टरमध्ये सीसीएचं (थंडीत बॅटरी किती करंट देते त्या आकड्याचं) मानक कोणतं निवडलं होतं? बॅटरीवर एका मानकाचा आकडा छापलेला आणि टेस्टर दुसऱ्यावर लावलेला असेल, तर चांगली बॅटरी नापास होते आणि गेलेली पास होते.

बॅटरी भरलेली, तरी सेल्फ उचलत नाही

सेल्फ मारताना हेडलाइट चालू ठेवा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर आहे. दिवे तसेच राहिले आणि एकच 'खट्' आवाज आला तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) किंवा तिला करंट देणारा स्विच, म्हणजे सोलेनॉइड, बघा. सकाळी थंड इंजिन छान उचलतं आणि लांब फेरीनंतर गरम इंजिन अडखळतं, हेही बॅटरीचं लक्षण सहसा नसतं. तिथे स्टार्टर किंवा केबल संशयास्पद.

जुन्या गाडीत केबल आणि अर्थ (बॅटरीची इंजिन-बॉडीच्या धातूशी जोडणी) यांना मी पहिला नंबर देतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पखाली तार हिरवी पडून कुजलेली असते. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.३ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी बदला. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून स्टार्टरच्या जाड टर्मिनलपर्यंत मोजा, इथे अर्ध्या व्होल्टच्या वर नको. मीटरचं टोक खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नको, नाहीतर मधला खराब सांधा मोजणीतून निसटतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी गिअरबॉक्स उतरवून चढवताना बऱ्याचदा परत बसवलीच जात नाही, तीही बघा.

चार्जिंग किती होतंय

इंजिन चालू करून किंचित रेस द्या आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ ही निरोगी कक्षा. मग हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावा. तरी १३.३ च्या खाली यायला नको. येत असेल तर आधी पट्टा बघा, मग अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे) ब्रश. उलट १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उकळून उडवतोय. महिन्या-महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत असेल तर कारण बहुधा हेच.

जुन्या गाड्यांत एक खोड हमखास भेटते. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंटही पुरवतो. तो बल्ब उडाला की गाडी सुरू झाल्यावर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच होतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा लागतो का हे रोज नजरेखालून घाला. लागत नसेल तर आधी तो बल्ब बदला, अल्टरनेटर खोलायचं नंतर बघू.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून "गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब" ही परीक्षा कुणी सुचवली तर कृपया करू नका. भार एकदम सुटल्यावर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्यात त्याचेच डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) किंवा गाडीतला कंट्रोल युनिट जातो.

उभ्या गाडीत करंट कोण खातंय

वारंवार उतरणाऱ्या बॅटरीचं सगळ्यात मोठं कारण इथे असतं, म्हणून ही तपासणी टाळू नका.

चावी काढा. बॉनेट उघडं ठेवा, पण त्याखाली दिवा असेल तर तो काढा. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरनं बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटेल. निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व खांब यांच्या मध्ये आधी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. बल्ब ठळक पेटला तर गळती मोठी आहे. तसं असताना मीटर लावला तर त्याचा फ्यूज उडेल. बल्ब अंधारा राहिला तर तो काढून मीटर लावा, लाल तार १० अँपिअरच्या भोकात. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही.

घड्याळ आणि रेडिओची मेमरी एवढंच असलेल्या गाडीत २०-३० मिलीअँपिअरच्या आत आकडा यावा. कंट्रोल युनिट, सेंट्रल लॉक असं काही असेल तर अर्धा तास थांबा, ती झोपली की ५० च्या आत यायला हवा. जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडेल, त्या सर्किटवर बिघाड आहे. डिकीचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले (करंटनं चालणारा स्विच) आणि ग्लव्ह बॉक्सचा बल्ब हे नेहमीचे.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर दोन जागा उरतात. एक, नंतर बसवलेल्या वस्तू: अँप्लिफायर, अलार्म, ट्रॅकर, मोबाइल चार्जर. यांच्या तारा फार वेळा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात आणि मूळ फ्यूजबॉक्सला त्यांचा पत्ताच नसतो. दोन, अल्टरनेटर. त्याचा एखादा डायोड गळका झाला की तो रात्रभर उलट करंट खातो आणि दिवसा चार्जिंग मात्र जवळजवळ ठीक दाखवतो, त्यामुळे सहज सापडत नाही. बॅटरी आधीच सुटलेली असताना अल्टरनेटरची जाड तार काढा, तिचं टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवा आणि पुन्हा मीटर जोडून मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर दुरुस्तीला द्या.

आता थोडं गणित, कारण मोठी बॅटरी घेण्याचा मोह इथेच होतो. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच. ४५ एएचची बॅटरी अर्धी व्हायला अडीच आठवड्यांहून जास्त लागतात, तेवढं चालेल. गळती ४०० मिलीअँपिअरची असेल तर दिवसाला ९.६ एएच जातात आणि तीच बॅटरी सव्वादोन दिवसांत अर्धी होते. तिच्या जागी ६५ एएचची बसवली तर साडेतीन दिवस. म्हणजे जास्त पैसे मोजून मिळाला एक दिवस, आणि शिवाय मोठी बॅटरीही अर्धवट भरलेलीच राहते. १२.४ च्या खाली पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते चार्जरनंही पूर्ण विरघळत नाहीत. गळतीवर मोठी बॅटरी हा उपाय नाही.

गळती नाही, चार्जिंग ठीक, तरी उतरते? मग वापर बघा. एकदा सेल्फ मारायला ०.२ एएचही लागत नाही, ते काही मिनिटांत भरून निघतं. अडचण वेगळी आहे: बॅटरी ऐंशी टक्क्यांपुढे भरताना करंट घेणं कमी करते आणि शेवटचा टप्पा पूर्ण व्हायला तास लागतात. फक्त छोट्या फेऱ्या मारणारी गाडी तिथपर्यंत कधी पोचतच नाही. अशा गाडीला महिन्यातून एकदा रात्रभर घरचा चार्जर लावा. फरक हमखास दिसतो, आणि तो कुठल्याही महागड्या बॅटरीनं पडत नाही.

आता निवड: आधी बसेल का ते बघा

गाडीत आज असलेली बॅटरी मूळ मापाचीच आहे असं गृहीत धरू नका. मधल्या मालकांनी हाताला लागेल ती बसवलेली असू शकते. ट्रे मोजा, हँडबुक बघा. गाडीचं नाव सांगून बॅटरी घेत असाल तर इंधनही सांगा, कारण डिझेल इंजिनाला जास्त दाबाविरुद्ध फिरवावं लागतं आणि त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीची बॅटरी त्याला पुरत नाही. फार जुनी गाडी असेल तर ती ६ व्होल्टची नाही ना, आणि तिची बॉडी पॉझिटिव्हला तर जोडलेली नाही ना, हेही बघा. साठच्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या.

जपानी पद्धतीचा क्रमांक वाचता आला तर दुकानात फसायला होत नाही. ५५बी२४एल घ्या: ५५ हा कामगिरीचा दर्जा, बी हा रुंदी-उंचीचा गट, २४ म्हणजे लांबी सुमारे २४ सेंटीमीटर, आणि एल म्हणजे खांबांची बाजू. खांब असलेली लांब कड स्वतःकडे धरा. पॉझिटिव्ह उजव्या हाताला आला तर एल, डाव्या हाताला आला तर आर. शेवटी एस असेल तर खांब जाड, नसेल तर या गटात बारीक. युरोपीय पद्धतीत ५४४ नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे १२ व्होल्ट, ४४ एएच.

बाजू चुकली की तारा पोचत नाहीत, आणि ओढून-ताणून उलट्या लागल्या तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. बारीक खांबावर जाड क्लॅम्प कितीही आवळला तरी ढिलाच राहतो. त्यासाठी शिशाच्या बाह्या मिळतात. आणि जाड खांबावर बारीक क्लॅम्प हातोडीनं ठोकू नका, खांबाचा आतला जोड तुटतो. जपानी आणि युरोपीय डब्यांची अदलाबदल करताना पकड बघा. युरोपीय डबा तळाच्या कडेला पट्टीनं धरला जातो, जपानी वरून चौकटीनं. पकड नसलेली बॅटरी हादऱ्यांनी आतून झडते. जपानी डब्याचे खांब झाकणाच्या वर येतात, त्यामुळे बॉनेट लावताना तिथे किती जागा उरते तेही तपासा. पॉझिटिव्ह बॉनेटला टेकला तर आग लागू शकते.

बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी आणि खांबांवर झाकण हवंच. जुन्या मिनीत ती डिकीत होती, फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या सीटखाली, आणि तिथे सीटच्या स्प्रिंगा दबून खांबांना लागल्यानं आगी लागलेल्या आहेत. चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो.

कोणती जात, किती ताकद

इथे मघाचं चार्जिंग व्होल्टेज कामी येतं.

१४.२ ते १४.६ स्थिर मिळत असेल तर सीलबंद कॅल्शियम बॅटरी (प्लेटांच्या शिशात कॅल्शियम मिसळलेली) घ्या, तिची निगा सगळ्यात कमी. १३.६ - १३.८ वरच अडकणारा जुना कॉइलचा रेग्युलेटर असेल, किंवा व्होल्टेज वर-खाली होत असेल, तर मी झाकणं उघडून पाणी घालता येणारी साधी बॅटरी घेईन. कॅल्शियमला पूर्ण भरायला जरा जास्त व्होल्टेज लागतं, ते न मिळाल्यानं ती कायम अर्धपोटी राहते. आणि रेग्युलेटरनं जास्त दिलं तर उघडणाऱ्या बॅटरीत निदान गेलेलं पाणी भरता येतं.

एजीएम (काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड शोषून ठेवलेली बॅटरी) महाग म्हणून चांगली, असं जुन्या गाडीत होत नाही. तिला नेमकं व्होल्टेज हवं, इंजिनशेजारची उष्णता सोसत नाही, आणि एकदा आतून कोरडी पडली की पाणी घालायची सोय नाही. ती किंवा ईएफबी (साध्या बॅटरीचीच जास्त दणकट जात) मुळात स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांसाठी. गाडीत कारखान्यातूनच एजीएम आली असेल तर मात्र एजीएमच घाला. लिथियमची बॅटरी मी सुचवणार नाही. शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही आणि जुना रेग्युलेटर तिच्यासाठी बनलेलाच नाही.

सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा. एसएई या अमेरिकी मानकात ३० सेकंदांनंतर व्होल्टेज ७.२ च्या वर राहायला हवं, ईएन या युरोपीय मानकात १० सेकंदांनंतर ७.५. जुन्या डीआयएन या जर्मन पद्धतीतला आकडा तर त्याच बॅटरीला ईएनच्या सुमारे साठ टक्केच येतो. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना एकाच मानकात करा. हँडबुकमधल्या आकड्याइतका किंवा थोडा जास्त सीसीए घ्या. कडाक्याच्या थंडीत ही जास्तीची ताकद खरंच लागते. कायम उष्ण हवेत त्याच डब्यातल्या सर्वांत जास्त सीसीएच्या मागे लागू नका. तो आकडा वाढवायला प्लेटा पातळ आणि जास्त घालतात, आणि उष्णतेत पॉझिटिव्ह जाळी गंजून जाते तेव्हा पातळ प्लेट आधी जाते.

एएच मूळ इतकाच किंवा ट्रेमध्ये बसत असेल तर पाच-दहा जास्त चालेल. जास्त एएचनं अल्टरनेटर जळतो हे खरं नाही, पण पार रिकामी झालेली बॅटरी अल्टरनेटरवर भरायला लावली तर तो तापतो. ते काम चार्जरचं.

घेताना आणि बसवताना

उत्पादनाची तारीख बघा. फडताळात पडलेली बॅटरीही हळूहळू उतरते. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, आणि दुकानातच मीटर लावून घ्या. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटीत पूर्ण बदलून मिळण्याचा काळ किती आणि त्यानंतर वापरलेल्या काळाचे पैसे वजा होतात का, हे कार्डावर वाचा.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून ठेवा. क्लॅम्पवरचा पांढरा थर पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा, कोरडे करा, आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. घरी आणल्यावर गाडीत बसवण्याआधी एकदा चार्जरवर पूर्ण भरली तर फारच चांगलं.

बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्टेज मोजा आणि तारखेसह डब्यावर पेननं लिहा. एक महिन्यानं, गाडी दोन दिवस उभी राहिल्यावर, पुन्हा मोजा. १२.५ च्या वर असेल तर काम झालं. १२.४ च्या खाली आली असेल तर दुकानात जाण्याआधी निगेटिव्ह क्लॅम्प काढा, बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा आणि गाडीला न जोडता दोन दिवस तशीच ठेवा. सुटी असताना ती व्होल्टेज धरत असेल तर गळती गाडीत आहे, फ्यूज काढत पुन्हा शोधा. सुटी असतानाही उतरत असेल तर ती वॉरंटीत बदलून मागा, आणि हे आकडे दुकानदाराला दाखवा.